ऑडिओग्राम वाचताना दोन रेषांमधलं अंतर बघा

पुण्यातली गणपती विसर्जनाची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. ढोल-ताशांच्या त्या दणदणाटानंतर कुणाला कमी ऐकू येऊ लागलं, की ‘पडदा फाटला’ हे निदान घरातच होऊन जातं. प्रत्यक्षात अशा आवाजाचा मार बसतो तो आंतरकर्णातल्या केसपेशींना. पडदा बहुधा शाबूत असतो. बिघाड आत आहे की मध्यकर्णात, म्हणजे पडदा आणि त्यामागच्या तीन हाडांच्या साखळीत, हे ऑडिओग्राममधल्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखातल्या, नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तरीही रिपोर्ट हाती पडला की आपण आधी आकडाच शोधतो आणि ४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपण असा हिशेब मांडतो. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे इथलं शून्य, आणि पुढच्या दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. अपंगत्वाची टक्केवारी वेगळ्या सूत्राने काढतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतली व्यापारी भागाची दिवसाची ६५ डेसिबलची मर्यादाही या आकड्यांशी ताडून पाहू नये, कारण ती मोजपट्टी निराळी.

मध्यकर्णाचं दुखणं ओळखायचं तर प्रत्येक कानाच्या दोन रेषा एकत्र पाहाव्या लागतात. हेडफोनमधून आवाज देऊन काढलेली ती हवेची रेष, आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून काढलेली ती हाडाची. हाडातून गेलेलं कंपन मध्यकर्णाला जवळपास वळसा घालून थेट आंतरकर्णात पोचतं. म्हणून हाडाची रेष वर, हवेची खाली आणि मध्ये ठळक अंतर असेल, तर अडथळा वाटेत आहे. दोन्ही रेषा जोडीनेच खाली गेल्या असतील, तर बिघाड बहुधा आंतरकर्णात किंवा नसेत. कुणी म्हणेल, ऐकू कमीच येतंय ना, मग बिघाड कुठे याला काय महत्त्व? महत्त्व आहे, कारण पडद्यामागचं पाणी अनेकदा आपोआप ओसरतं आणि पडद्याचं भोक शस्त्रक्रियेने बुजवता येतं. मेलेल्या केसपेशी मात्र परत उगवत नाहीत.

मग पडद्याची हालचाल तपासणाऱ्या टिंपॅनोमेट्री या दुसऱ्या चाचणीत सपाट रेष, म्हणजे ‘बी टाइप’, आली की पाणी झालंच असं समजावं का? तेही नाही. शेजारी छापलेलं कानाच्या पोकळीचं आकारमान नेहमीएवढं असेल तर पाण्याची शक्यता मोठी. ते फार जास्त असेल तर पडद्याला भोक असू शकतं, किंवा ग्रोमेट, म्हणजे पडद्यात घालतात ती छोटी नळी, बसवलेली असते. फारच कमी असेल तर मळाने कान बंद झालेला असेल, नाहीतर तपासणीची नळी कानाच्या भिंतीला टेकलेली. उलट, आवाजाने बाधलेल्या कानात हीच चाचणी अगदी व्यवस्थित येते, कारण ती ऐकणं मोजतच नाही. पडद्याची लवचीकता आणि मागचा दाब मोजते.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे कान निरोगी’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. भोक लहान असलं तर ऐकणं फारसं घटत नाही. कोलेस्टेटोमा या हाड कुरतडणाऱ्या वाढीत तर कधी कधी साखळी तुटल्यावरही ती वाढच आवाज पुढे पोचवते आणि ऑडिओग्राम बरा दिसतो. त्यामुळे घाण वास येऊन वाहणारा कान, रेषा कितीही चांगल्या आल्या तरी, डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हवा.