बर्फावरील पहिले पाऊल

आपल्या बेळगाव-निपाणीकडील माणसास थंडी ठाऊक आहे ती पौष महिन्यातील. पहाटे तंबाखूच्या पानांवर दव साचते, शेकोटीभोवती घोंगडी पांघरून चार माणसे बसतात, आणि सूर्य कासराभर वर आला की ती थंडी कोठच्या कोठे पळून जाते. बर्फ आपण पाहतो तो मासळीच्या पेटीत, अथवा जत्रेतील सरबताच्या गाडीवर. तेव्हा बर्फावरून चालण्याच्या विद्येची चर्चा ह्या पानांत कशासाठी, असा प्रश्न एखादा वाचक विचारील.

त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. १९२२ साली मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र बेळगावास आले, आणि तेव्हापासून मराठा लाईट इन्फंट्रीचे रंगरूट ह्याच शहराच्या कवायतीच्या मैदानावर घडत आले आहेत. लाल मातीत वाढलेली, नदीत पोहलेली ही मुले पुढे पलटणीबरोबर काश्मीर-लडाखच्या सरहद्दीवर जातात. वयाची वीस वर्षे ज्याने बर्फाचा कणही पाहिला नाही, त्यास एके दिवशी गुडघाभर बर्फात उभे राहावे लागते. धावता येणारा, ओझे उचलणारा, कुस्तीत पाठ न टेकणारा जवान तेथे पुन्हा पहिले पाऊल टाकावयास शिकतो. ते शिकणे कसे असते, हे त्याच्या आईबापांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

बर्फावर घसरत जाण्याच्या साधनास स्की म्हणतात. हा शब्द नॉर्वेच्या जुन्या भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड असा आहे. दोन लांब, निमुळत्या पट्ट्या, पुढचे टोक वर वळलेले, आणि हातांत दोन काठ्या. चित्रपटांत आपण जे पाहतो, ते डोंगरमाथ्यावरून वाऱ्यासारखे खाली येणे. त्यात पाऊल पुढून-मागून पट्टीला घट्ट जखडलेले असते. परंतु ह्याहून जुना आणि अधिक उपयोगी प्रकार आहे तो दूर पल्ल्याचा. त्यात बुटाचा चवडा तेवढा पट्टीस अडकविलेला असतो आणि टाच मोकळी राहते. म्हणून माणूस सपाटीवरून चालू शकतो, चढ चढू शकतो आणि उतारावरून घसरूही शकतो. उत्तरेकडील देशांत हजारो वर्षे शिकारी, लाकूडतोडे आणि निरोपे असेच प्रवास करीत आले.

नॉर्वे देशात १२०६ सालची एक हकिकत आजही मुलांस सांगतात. राज्यात यादवी माजली असताना दोन निष्ठावंत शिपाई हाकोन नावाच्या तान्ह्या राजपुत्रास जवळ घेऊन, भर हिवाळ्यात, स्कीवरून डोंगर ओलांडून गेले. ते बाळ पुढे त्या देशाचा राजा झाले. त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ १९३२ पासून तेथे दूर पल्ल्याची शर्यत होते, आणि प्रत्येक स्पर्धकाने साडेतीन किलो वजनाचे ओझे पाठीवर घ्यावे असा तिचा नियम आहे. ते ओझे म्हणजे त्या बाळाची आठवण.

काही वर्षांपूर्वी अभ्यासानिमित्त युरोपात असताना, आल्प्स पर्वतातील एका खेड्यात हे साधन पायांत घालण्याचा योग आम्हांस आला. आम्ही तेव्हा चाळिशीस टेकलो होतो. पट्ट्या आमच्या उंचीहून वीतभर लांब आणि जेमतेम तीन बोटे रुंद. यजमान गृहस्थांनी पहिला धडा दिला तो चालण्याचा नव्हे, पडण्याचा. तोल गेला की पुढे झोकांडी खाऊ नये, हात टेकू नयेत. कुशीकडे बसते व्हावे. मग दोन्ही पट्ट्या एकमेकींशी समांतर आणि उताराला आडव्या आणाव्या, गुडघ्यांवर यावे, आणि तेथून उठावे. हा धडा आम्ही सपाट जागेवर चार-पाच वेळा गिरविला. शेजारीच पाच-सहा वर्षांची मुले खिदळत पडत होती आणि खिदळतच उठत होती. मुलांचे शरीर जमिनीजवळ असते, म्हणून त्यांचे पडणे थोडे. प्रौढ माणूस उंचावरून पडतो. आणि शरीराबरोबर त्याची प्रतिष्ठाही पडते, ती त्यास अधिक लागते.

दुसरा धडा घसरण्याचा. ह्या पट्टीची रचना समजून घेण्याजोगी आहे. ती मोटारीखालच्या कमानीच्या पाट्यासारखी मध्यभागी किंचित उचललेली असते. त्या मधल्या भागास खालून चिकट मेण लावतात. देहाचा सगळा भार एका पायावर टाकला की कमान दबते, मेण बर्फास धरते, आणि त्या आधाराने माणूस स्वतःस पुढे ढकलतो. भार हलका झाला की कमान पुन्हा उचलते आणि पट्टी सुळकन पुढे घसरते. एक पाय रेटणारा, दुसरा घसरणारा; मग आलटून पालटून.

आता नवशिक्या प्रौढाची अडचण पाहा. त्यास पडण्याचे भय असते, म्हणून तो दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून उभा राहतो. त्यास वाटते, आपण सुरक्षित आहोत. परंतु भार वाटला गेल्यामुळे कमान दबत नाही, मेण धरीत नाही, आणि रेटा दिला की पाय मागेच सटकतो. सावधपणाने उभा असलेला मनुष्य जागच्या जागी घसरत राहतो. एका पायावर पूर्ण विसंबल्याविना पुढे जाणे होतच नाही. हे यजमानांनी सांगितले तेव्हा आम्हांस कळले. पायांस कळावयास दुपार झाली. त्या दिवशी आम्ही फार तर दोन फर्लांग गेलो असू. परंतु शेवटची वीस-पंचवीस पावले खरोखरीची होती. पायाखालचा बर्फ आपणच पुढे नेत आहे असे वाटले, आणि त्या आनंदात आम्ही पुन्हा पडलो.

चढावर पट्ट्यांची टोके फाकवून चालावे लागते. मागे मासळीच्या काट्यासारखे ठसे उमटतात. उतारावर उलट करावयाचे: टोके जवळ, टाचा दूर, म्हणजे वेग आवरतो. आणखी एक गोष्ट नवख्यास चकविते. थंडी म्हणून तो अंगावर कपड्यांचे गाठोडे चढवितो. पण ह्या चालण्यात पाय, दंड, पाठ सारेच राबत असल्याने थोड्याच वेळात घाम फुटतो, आणि थांबताच तो घाम अंगावर गार होऊन हुडहुडी भरते. म्हणून पातळ कपडे एकावर एक घालावे, आणि काढीत-घालीत जावे.

आपल्या सैन्यास ही विद्या पद्धतशीर शिकविण्यासाठी शाळा निघाली ती काश्मिरातील गुलमर्ग येथे, १९४८ साली. लढाई चालू होती, शत्रू उंच पहाडांत होता, आणि आपल्या सैन्यास बर्फात वावरण्याची सवय नव्हती. तेव्हा जनरल थिमय्या यांनी आपल्या एकोणिसाव्या डिव्हिजनसाठी तेथे स्की-शाळा काढली. त्या शाळेचे पुढे १९६२ साली हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल असे नामकरण झाले. थिमय्या कोडगूचे, जेथे बर्फ कधी पडत नाही अशा कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात वाढलेले. बर्फाच्या देशात न जन्मलेल्याने बर्फाची शाळा काढावी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच कोडगूची एक कन्या, भवानी तेक्कडा नंजुंडा, हिने आपल्या काळात तो धागा पुढे नेला आहे. एन.सी.सी.मधून ती गिर्यारोहणाकडे वळली आणि गिर्यारोहणातून स्कीकडे. ज्या वयात नॉर्वेतील मुलींच्या पाठीशी पंधरा वर्षांचा सराव असतो, त्या वयात हिने आरंभ केला. दूर पल्ल्याच्या शर्यतींत तिने राष्ट्रीय हिवाळी स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. आणि २०२५ साली चिली देशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पाच किलोमीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. ह्या खेळात असे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. आपल्याच कर्नाटक राज्यातील मुलीची ही कामगिरी आपल्या मुलींच्या कानांवर गेली पाहिजे.

तथापि जवानास हा खेळ नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर, सुमारे १९,६०० फूट उंचीवर, बर्फाचा कडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूर गावचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद होते. सहा दिवसांनी ते बर्फाखाली जिवंत सापडले, तेव्हा सारा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करीत होता. परंतु ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. असा कडा कोसळला असता कोणतीही विद्या पुरी पडत नाही. पण गस्त घालणे, सोबत्यापर्यंत पोहोचणे, जखमीस खाली आणणे, हे सर्व ज्यास बर्फावर चालता येते त्यासच साधते. म्हणून गुलमर्गच्या उतारावर पडत-उठत असलेला आपला मुलगा खेळत नसतो. तो आपल्या आणि सोबत्याच्या जिवासाठी शिकत असतो.

बर्फातील वाटसरूंची ही काळजी ख्रिस्तसभेसही नवी नाही. आल्प्समधील ज्या उंच खिंडीत संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात धर्मशाळा उभारली, तेथील मोटाररस्ता आजही हिवाळ्यात बंद असतो. स्कीवरून अथवा बर्फाची पादत्राणे घालून येणाऱ्यास तेथील धर्मबंधू दार उघडतात. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्या संतास पर्वतारोहकांचे आश्रयदाते ठरविले. आणि १९८६ साली गोव्यास व पुण्यास आलेले पोप जॉन पॉल दुसरे पोलंडमध्ये असल्यापासून स्की करीत. १९८४ च्या जुलैमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, परमगुरूपदी असतानाही ते इटलीतील आदामेल्लोच्या हिमनदीवर उतरले होते. पदाने थोर झालेल्या माणसासही तेथे गुडघे वाकवूनच उभे राहावे लागते.

वाचकहो, आपल्या गावी बर्फ पडणार नाही. पण वय झाल्यावर नवे शिकण्याची वेळ प्रत्येक घरात येते. पन्नाशीतील आई सही गिरवू पाहते. शेतकरी बाप पंपाचे नवे यंत्र अथवा मुलाने पाठविलेला मोबाइल हाती घेतो. सून परमुलखातून येते आणि सासरची बोली शिकते. अशा वेळी घरातील पोरे हसतात, आणि मोठे माणूस ओशाळून म्हणते, ‘आता ह्या वयात कशाला!’ ते दोन्ही पायांवर भार ठेवून जागीच उभे राहते. त्यास हसणे सोपे आहे. परंतु त्या हसण्याने एक माणूस कायमचे थांबते. त्यापेक्षा हात द्यावा, आणि पडल्यावर कसे उठावे ते आधी शिकवावे.

आपला मुलगा रजेवर येईल तेव्हा त्यास बर्फावरील पहिल्या दिवसाविषयी अवश्य विचारा. तो किती वेळा पडला ते मोकळेपणी सांगेल, घरात हशा होईल. मग आईने आपली पाटी अथवा मोबाइल पुढे करावा आणि म्हणावे, ‘बाळा, आता मला शिकव.’