गालिच्याच्या पाठीवरची ग्वाही

गालिचा विकत घेताना तो उलटून पाहावा, असे मी नेहमी सांगतो. उत्तर प्रदेशच्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातील काही गालिच्यांच्या पाठीवर क्रमांक असलेले लेबल असते. बालमजुरीविना विणल्याची ती ग्वाही. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ म्हणून सुरू झालेली ही प्रमाणपत्र-व्यवस्था पुढे ‘गुडवीव्ह’ झाली. पूर्वसूचनेविना होणारी मागांची तपासणी हा तिचा कणा आहे.

परंतु अशा प्रमाणपत्राची खरी कसोटी विणकराच्या घरातच लागते, असे मला वाटते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. दिवसातून ४ वेळा तेथे जाण्याची मुभाही आईला दिली. घरच्या मागावर बसलेली आई मात्र या गणनेत येतच नाही. तिचे पाळणाघर म्हणजे मागाचा कोपरा! तेथेच वाढणाऱ्या मुलाच्या हाती उद्या धागा येणे अवघड नाही.

म्हणूनच मागावर मूल नाही एवढे पाहून तपासनिसाने परतू नये. आईला पुरेशी मजुरी मिळते का, मूल शाळेत जाते का, हेही त्याने विचारावे. त्याविना लेबल ग्राहकाचे समाधान करील. मुलाचे रक्षण नव्हे.