ड्रोनला रोखणारा प्रकाशझोत

पिकांवर औषध फवारणारा आणि गावठाणाची मोजणी करणारा ड्रोन नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामस्थांना आता अपरिचित राहिलेला नाही. तथापि, २०२४ साली मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या आणि गावोगाव भीती पसरली. त्यापूर्वी २७ जून २०२१ रोजी जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर ड्रोनद्वारे स्फोटके टाकण्यात आली होती. शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे यंत्र घातपाताचेही साधन होऊ शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

अशा लहान, स्वस्त यंत्रावर महागडे क्षेपणास्त्र खर्च करणे परवडणारे नाही. यावर लेसर किरण हा एक उपाय आहे. भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद पेटविण्याचा प्रयोग शाळेत केला जातो. येथेही ऊर्जा एका बिंदूवर एकवटण्याचेच काम होते. प्रथम रडार व कॅमेरे ड्रोनचा शोध घेतात. नंतर प्रखर लेसर झोत काही सेकंद त्याच्या एकाच भागावर स्थिर ठेवला जातो. त्या उष्णतेने ड्रोनचा सांगाडा वितळतो किंवा आतील यंत्रणा निकामी होते.

संरक्षण संशोधन व विकास संस्थेने १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे अशा वाहनारूढ लेसर अस्त्राची यशस्वी चाचणी घेतली. हैदराबाद येथील प्रयोगशाळेने ते अन्य संस्थांच्या साहाय्याने विकसित केले आहे. काही सेकंदांच्या माऱ्याचा खर्च दोन-तीन लिटर पेट्रोलच्या किमतीइतकाच येतो, असे सांगण्यात आले आहे.

या अस्त्राला मर्यादाही आहेत. धुके, पाऊस व धूळ यांमुळे झोत क्षीण होतो आणि लक्ष्य दृष्टीच्या टप्प्यात असावे लागते. एक झोत एका वेळी एकाच ड्रोनवर रोखता येतो. ड्रोनच्या थव्यासाठी सूक्ष्मलहरींचा विस्तृत झोत अधिक सोयीचा ठरतो. तो अनेक ड्रोनमधील विद्युत यंत्रणा एकाच वेळी बिघडवू शकतो.

हे काम अर्थातच संरक्षण दलांचे आहे. गावाच्या हाती दक्षता आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत ड्रोन उडविण्यास पूर्वपरवानगी लागते. संशयास्पद ड्रोन दिसल्यास दगड अथवा गोळी मारू नये. खाली कोसळणारे यंत्र कोणालाही इजा करू शकते, आणि ते मोजणीचे किंवा फवारणीचेही असू शकते. वेळ, दिशा व ठिकाण यांची नोंद करून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. फवारणी वा मोजणी होणार असल्यास ग्रामपंचायतीने आधी दवंडी दिली, तर निम्मी भीती तेथेच दूर होईल.