पेशीपासून ताटापर्यंत : डॉ. कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी यांचे नाव निघाले की बंगळूरचा प्रसंग हटकून सांगितला जातो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. त्या वेळी संचालक असलेल्या सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. प्रसंग खरा आहे आणि तो विसरू नये. परंतु तो सांगून झाला की आपण थांबतो, आणि प्रयोगशाळेतील कमलाबाई मागेच राहतात. वैद्यकाशी ज्यांचा नित्य संबंध आहे त्यांना तरी त्या कामाचा परिचय असायला हवा. इंदूरकरांना तर विशेष, कारण त्यांचा जन्म इंदूरचा. पूर्वाश्रमीच्या त्या कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच बंगळूरच्या संस्थेचे आरंभीचे विद्यार्थी.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. तेथून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. पेशीच्या श्वसनातील सायटोक्रोमचे महत्त्व डेव्हिड केलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली दाखवून दिले होते. वनस्पतींच्या पेशीही याच मार्गाने प्राणवायू वापरतात काय, हा प्रश्न कमलाबाईंनी हाती घेतला आणि बटाट्यासारख्या साध्या वनस्पतीच्या ऊतींत सायटोक्रोम-सी आढळल्याचे दाखवले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर रॉबिन हिल यांच्यासमवेत लिहिलेले त्यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये आले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. (आपल्याकडील प्रबंधांची जाडी पाहता हा आकडा मुद्दाम नोंदवावासा वाटतो.)

त्याच काळातील दुसरे काम आपल्या अधिक जवळचे आहे. ब्लाश्को व रिश्टर यांच्यासह त्यांनी अमाइन ऑक्सिडेज या विकरावर १९३९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५० च्या दशकात नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी काही याच विकराला रोखणारी ठरली. रोज चिठ्ठीवर औषधे लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना या विकराच्या आरंभीच्या अभ्यासकांत एक मराठी नाव असल्याचे ठाऊक असेल?

१९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि मग मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. इथे विषय बदललेला दिसतो, प्रश्न मात्र तोच राहिला : अन्न पेशीपर्यंत पोहोचते कसे, आणि वाटेत अडते कुठे? वाल आणि डबल बी यांत प्रथिने भरपूर, तरी कच्च्या अवस्थेत ती अंगी लागत नाहीत, कारण त्यांतील काही प्रथिने आतड्यातील ट्रिप्सिनलाच बांधून ठेवतात. भारतीय खाद्यपदार्थांतील हे ट्रिप्सिनरोधक त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसमवेत शोधले. १९५५ साली वाल व डबल बीमधून ते स्फटिकरूपात वेगळे केल्याचा वृत्तान्त ‘नेचर’मध्ये छापून आला. उष्णतेने या रोधकांचा जोर बराच ओसरतो. वालाचे बिरडे नीट शिजलेच पाहिजे, या घरच्या शिस्तीला असा रासायनिक आधार आहे.

नीरेवरील त्यांचे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण उशिरा. त्या विलंबाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यापेक्षा त्या काळातही चालूच राहिलेले प्रयोगशाळेतील काम बोलके वाटते.

१९६६ साली नऊ स्त्रियांनी मिळून मुंबईत ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन केली. त्यांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहू लागल्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.