स्वस्त पाया कोणता? आधी जमीन बघा

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे टाइल्सवर तासन्‌तास चर्चा होते, पाया मात्र मिस्त्रीवर सोडला जातो. आयुष्यभराची कमाई ज्यावर उभी राहणार, त्याचा हिशोब आपणच समजून घेऊ.

दोन-तीन फुटांवर कडक मुरूम लागत असेल आणि घर बैठंच ठेवायचं असेल, तर दगडी पाया सहसा सर्वांत स्वस्त. लोखंड जवळजवळ लागत नाही. पुढे मजला चढवायचा असेल तर कॉलम-फुटिंग घ्यावं. त्यात सिमेंट-लोखंडाचा खर्च वाढतो. राफ्ट म्हणजे घराखाली अखंड स्लॅब. लहान घराला तो महागच पडतो.

खरी अडचण मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. असा थर खोल असेल तर सगळी माती काढून भराव घालण्यापेक्षा साधारण साडेतीन मीटर खोल, खाली फुगीर असलेले 'अंडर-रीम्ड पाइल' अनेकदा परवडतात.

म्हणून दर विचारण्याआधी प्लॉटवर दोन ठिकाणी खड्डे घ्या, माती इंजिनिअरला दाखवा. खोदाई, भराव, लोखंड यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. टाइल्स नंतरही बदलता येतात, पाया नाही.