मारीचाची हाक

रामायणाची कथा कानांवरून गेली नाहीं असें मूल आपल्या घरांतून क्वचितच सांपडेल. त्या कथेंतील सुवर्णमृग सर्वांच्या लक्षांत राहतो. परंतु त्याच प्रसंगांतील दुसरी माया तितकीशी ध्यानांत राहत नाहीं. रामाचा बाण लागून मारीच कोसळला, तेव्हां मरतां मरतां त्यानें हुबेहूब रामाच्या आवाजांत सीतेला व लक्ष्मणाला हाक मारली. मृगानें डोळे फसविले होते, हाकेनें कान फसविले. आणि ती हाक ऐकल्यावरच लक्ष्मणाला पर्णकुटी सोडून जावें लागलें व रावणाला वाट मोकळी झाली.

ही गोष्ट आज पुन्हा सांगण्याचें प्रयोजन असें कीं, दुसऱ्याच्या आवाजांत बोलण्यासाठीं आतां राक्षसी विद्येची जरूर उरलेली नाहीं. ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणाऱ्याचा आवाज खांचेच्या रूपानें उमटे. कोणीतरी गायिल्याखेरीज ती खांच उमटणें शक्य नसे. डिजिटल यंत्रांत आवाज मोजला जाऊन त्याचे आंकडे बनतात. साध्या डिजिटल दूरध्वनीवर एका सेकंदांत असे ८,००० आंकडे घेतले जातात, व ऐकणाऱ्याच्या कानाशीं त्याच आंकड्यांतून पुन्हा आवाज तयार होतो. परंतु एखादा आंकडा खऱ्या कंठांतून मोजून घेतलेला आहे कीं केवळ गणितानें रचलेला आहे, हें त्या आंकड्यावर लिहिलेलें नसतें. सत्य व आभास यांमधील भिंत ढासळते ती येथेंच. असंख्य माणसांचें बोलणें संगणकाला ऐकवून मनुष्यवाणीची घडण एकदां त्याच्याकडून शिकून घेतली, म्हणजे पुढें एखाद्याच्या आवाजाचा थोडासा नमुनाही त्याला पुरतो. सन २०२३ च्या जानेवारींत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं जी पद्धति प्रसिद्ध केली, तिला अवघ्या तीन सेकंदांचा नमुना पुरेसा होता. मुंजीच्या व वाढदिवसाच्या चित्रफिती आपण हौसेनें इंटरनेटवर ठेवतों. त्यांत तीन सेकंद कोणाचे नाहींत?

कृत्रिम चित्रानें माणूस फसला तो कांहीं आजच नव्हे. सन १९१७ मध्यें इंग्लंडांतील कॉटिंग्ली गांवीं दोन मुलींनीं कागदाच्या पऱ्या कापून टांचण्यांनीं उभ्या केल्या व त्यांच्यासह स्वतःचीं छायाचित्रें घेतलीं. शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉईल यानें तीं खरीं मानून सन १९२० मध्यें त्यांवर लेख लिहिला. त्या पऱ्या कागदी होत्या, ही कबुली येण्यास सन १९८३ उजाडावें लागलें. कागद व टांचण्या एवढ्या साहित्यावर जर एवढें घडलें, तर आजच्या साधनांनीं काय होणार नाहीं?

त्याचा दाखला सन २०२४ च्या आरंभीं हाँगकाँगमध्यें मिळाला. तेथील एका कंपनीच्या कर्मचाऱ्यास वरिष्ठाच्या नांवानें गुप्त व्यवहाराचा संदेश आला. त्याला प्रथम संशय आला होता. परंतु नंतर पडद्यावर बैठक झाली, तींत ओळखीचे चेहरे दिसले, ओळखीचे आवाज ऐकूं आले, आणि त्याचा संशय फिटला. त्यानें सुमारें २० कोटी हाँगकाँग डॉलर धाडून दिले. त्या बैठकींत त्याच्याखेरीज दुसरें कोणीच खरें नव्हतें! बुद्धीला आलेला योग्य संशय डोळ्यांनीं व कानांनीं दूर केला, हें यांत विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां लक्ष्मणाकडे वळूं. तो फसला नव्हता. त्याचे कान सीतेच्या कानांहून तीक्ष्ण होते असें नव्हे. त्यानें आवाजाची परीक्षाच केली नाहीं. रामाचा पराक्रम त्याला ठाऊक होता, म्हणून अशी करुण हाक रामाची नसणार हें त्यानें ओळखलें. परंतु सीतेनें त्याला निष्ठुर ठरविलें, त्याच्या हेतूवरही आक्षेप घेतला. आणि जो सत्य ओळखून होता, तोच त्या शब्दांनीं घायाळ होऊन निघून गेला. सीतेला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तिच्या प्रेमानेंच तिला व्याकूळ केलें, आणि आजच्या ठकांची भिस्तही प्रेमावरच असते.

अशी कल्पना करावी: परदेशीं शिकणाऱ्या नातवाचा आवाज मध्यरात्रीं येतो, ‘आजी, मला अपघात झाला आहे. ताबडतोब पैसे पाठव. बाबांना मात्र सांगूं नकोस.’ आजीचे हातपाय गळतात. सून म्हणते, ‘सासूबाई, आधीं त्याच्या नेहमींच्या नंबरावर आपण फोन लावूं.’ अशा वेळीं ‘माझ्या नातवाच्या जिवापेक्षां तुला पैसा मोठा!’ हे शब्द तोंडून निघाले, कीं मारीचाचें कार्य सिद्ध झालें. ‘थांबा, खात्री करूं’ म्हणणारें माणूस निष्ठुर नसतें. उलट, खरोखरच मुलगा संकटांत असेल, तर त्याला मदत योग्य ठिकाणीं पोंचावी हेंही त्या खात्रीनेंच साधतें. कारण प्रत्येक हाक खोटी मानणें हाही एक अनर्थच आहे.

यासाठीं घरांत चार नियम असावेत. आलेला फोन ठेवून आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. घरच्यांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारावी. कोणीही ‘दुसऱ्यास सांगूं नका’ म्हटलें, तर तें निदान एका वडीलधाऱ्या माणसास अवश्य सांगावें. आणि पैसे गेलेच, तर लाजेनें न लपवितां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

याशिवाय सर्वांनीं मिळून एक संकेतशब्द ठरवावा. तो कोठें लिहूं नये, फोनवरून कळवूं नये. येत्या सणाला सारें कुटुंब जमेल, तेव्हां पंक्ति उठल्यावर घटकाभर बसून, आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या संमतीनें तो निवडावा. आणि त्याच बैठकींत हेंही ठरवावें कीं, संकेतशब्द विचारल्याबद्दल ह्या घरांत कोणीं कोणावर रागवावयाचें नाहीं.