लॅपटॉप आपला, मग त्यात बिऱ्हाडे कुणाची?

मुलगी डिप्लोमाला लागली, मुलगा पदवीला गेला की आज घरात लॅपटॉप घ्यावा लागतो. कष्टकऱ्याच्या घरात ही वस्तू सहज येत नाही. कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, कुणी भिशीचे पैसे लावतो, कुणी महिन्याच्या हप्त्यावर घेतो. आणि हप्ते फिटायच्या आतच पडद्यावर सूचना येते, जागा संपत आली! कॉलेजचा प्रकल्प साठवायला जावे तर साठत नाही. दुकानदार म्हणतो, मोठी डिस्क टाका. परंतु वाचकहो, पुन्हा पैसे मोजण्यापूर्वी आपली जागा कुणी अडवली आहे, हे पाहायला नको का?

प्रथम मापाची गोष्ट. खोक्यावर २५६ जीबी लिहिलेले असते आणि विंडोज मात्र सुमारे २३८ दाखवते. यात फसवणूक नाही. डिस्क बनविणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात; विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. माप वेगळे, माल तेवढाच. त्यातून विंडोज स्वतःसाठी जागा घेते, पुढील सुधारणांकरिता काही जीबी राखून ठेवते आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीसाठी एक वेगळा कप्पाही असतो. ही जागा घराच्या पायासारखी आहे. तिला हात लावू नये.

पायावर मात्र काही बिऱ्हाडे आधीच थाटलेली असतात. काही दिवस फुकट चालणारा अँटिव्हायरस, मुदतीचे ऑफिस, खेळ, खरेदीची ॲप्स. हे सारे आपण मागितले होते काय? नाही. ही सॉफ्टवेअरे विकणाऱ्या अनेक कंपन्या लॅपटॉप बनविणाऱ्यांना त्यासाठी पैसे देतात. म्हणजे बिऱ्हाड आपल्या घरात आणि भाडे दुसऱ्याच्या खिशात! मुदत संपली की हीच मंडळी लाल अक्षरांत भीती घालतात, ‘तुमचा संगणक असुरक्षित आहे, पैसे भरा’. घरातील माणसे घाबरतात आणि पैसे भरून मोकळी होतात.

हा प्रश्न केवळ जागेचा नाही, हे लेनोव्हो कंपनीच्या प्रकरणातून जगाला कळले. २०१४ मध्ये या कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ या कंपनीचे जाहिराती दाखविणारे सॉफ्टवेअर आधीच घातलेले होते. ते वापरणारा आणि संकेतस्थळ यांच्या मधोमध बसत असे, बँकेचे सुरक्षित म्हटले जाणारे पानही त्यातून सुटत नसे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले. सॉफ्टवेअर काढले तरी त्याने मागे ठेवलेले प्रमाणपत्र वेगळे काढावे लागत होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील ३२ राज्यांशी तडजोड करून कंपनीला ३५ लाख डॉलर द्यावे लागले. आपल्या यंत्रात कोण बसले आहे, हे विचारण्याचा अधिकार म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आता कामाला लागू. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘ॲप्स’ आणि मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ येथे जा. सगळी यादी समोर येईल. नको असलेल्या नावापुढील तीन टिंबांवर टिचकी मारा आणि ‘अनइन्स्टॉल’ निवडा. मुदतीचा अँटिव्हायरस काढल्यास लॅपटॉप उघडा पडेल, ही भीती बाळगू नका. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा रक्षक मोफत असतो. दुसरा अँटिव्हायरस निघाला की तो आपोआप जागा होतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये हिरवी खूण दिसते का, ते तपासा.

ऑफिसची मुदत संपली तरी आपल्या फायली नाहीशा होत नाहीत. त्या उघडून वाचता येतात, फक्त त्यांत बदल करता येत नाहीत. विकत घेणे परवडत नसेल तर ‘लिब्रे ऑफिस’ मोफत मिळते. त्यात मराठी लिहिता येते आणि वर्डच्या फायलीही उघडतात.

यादीतील सगळेच मात्र काढून टाकू नका. इंटेल, एएमडी, रिअलटेक ही नावे आवाज, पडदा यांच्या कामाची असतात. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ या नावाची सामग्री इतर सॉफ्टवेअरला लागते. जे ओळखीचे नाही, त्याची आधी चौकशी करा, मग निर्णय घ्या.

खरे सांगायचे तर ही बिऱ्हाडे हलवल्याने थोडीच जागा मिळते, बरीचशी जागा साठलेल्या अडगळीत असते. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ आणि तेथे ‘टेम्पररी फाइल्स’ येथे ती दिसेल. मोठ्या सुधारणेनंतर जुन्या विंडोजची प्रतही काही दिवस तेथेच पडून राहते. कचरापेटीत टाकलेली फाइलही ती पेटी रिकामी करेपर्यंत जागा खातेच. येथे एक सावधगिरी बाळगा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हे नाव असते. त्यावर खूण केल्यास उतरवून घेतलेले सर्व जाईल. मुलीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अनेकदा तेथेच असतात. आधी ते पेनड्राइव्हवर घ्या, मग खूण करा.

दुसरी सावधगिरी ‘वनड्राइव्ह’ची. तेथे ५ जीबी जागा मोफत असते. ती भरल्याची सूचना आली म्हणजे लॅपटॉपची डिस्क भरली, असे नव्हे. वनड्राइव्हच्या फोल्डरमधील फाइल पुसली तर ती दोन्हीकडून जाते. फक्त लॅपटॉपवरील जागा हवी असेल तर त्या फाइलवर उजवी टिचकी मारून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. अशी फाइल पुन्हा उघडायला इंटरनेट लागेल, एवढे ध्यानात ठेवा.

हे काम मुलांवर सोपवून आईवडिलांनी दूर बसू नये. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसावे, यादीतील एकेक नाव मोठ्याने वाचावे आणि प्रत्येकाला विचारावे, तू कोण, तुला आणले कुणी, आमच्या कामाचा आहेस का? उत्तर समाधानकारक नसेल तर त्याला खुशाल बाहेरची वाट दाखवावी. हप्ते आपण भरतो, तेव्हा जागाही आपल्याच मुलांच्या अभ्यासाला मिळाली पाहिजे!